कण मोजणारी चिप घरच्या लॅबात: गळ्याच्या गणितापासून पत्र्याच्या डब्यापर्यंत

मिठाच्या पाण्याने भरलेल्या बारीक छिद्रातून वीज वाहते आहे आणि त्यातून एक पेशी गेली, तर तेवढ्या क्षणापुरता विजेचा मार्ग अडतो. पेशीचं आवरण वीज जाऊ देत नाही, त्यामुळे प्रवाह किंचित घटतो आणि पेशी पलीकडे गेली की पूर्ववत होतो. एक खाच म्हणजे एक कण. खाच जितकी खोल, तितका कण मोठा. वॉलेस कोल्टर यांनी यासाठी १९४९ मध्ये अर्ज केला, १९५३ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, आणि पॅथॉलॉजी लॅबमधली कित्येक सीबीसी यंत्रं आजही याच तत्त्वावर रक्तपेशी मोजतात.

इथे हेच छिद्र पीडीएमएस या पारदर्शक सिलिकोन रबरात आडव्या नळीच्या रूपात बनवायचं आहे. नळी मध्येच अरुंद होते, त्या भागाला आपण गळा म्हणू. लक्ष्य १० मायक्रॉनचे पॉलिस्टायरीन मणी. ते नीट मोजता आले की पेशींकडे वळायचं.

आधी कागदावर

चिप चालत नाही तेव्हा बहुतेक जण अँप्लिफायर बदलत बसतात. दोष बऱ्याचदा ड्रॉइंगमध्ये असतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

गळा २० मायक्रॉन रुंद, २० मायक्रॉन उंच आणि १०० मायक्रॉन लांब धरा. त्याचं आकारमान ४०,००० घन मायक्रॉन. १० मायक्रॉनच्या मण्याचं आकारमान साधारण ५२४ घन मायक्रॉन. वीज न वाहणारा गोल कण गळ्यात आला की रोधातला बदल ढोबळमानाने आकारमानांच्या गुणोत्तराच्या दीडपट असतो: १.५ × ५२४ ÷ ४०,०००, म्हणजे जवळजवळ २ टक्के. हे सहज मोजता येण्यासारखं आहे.

आता खरी मेख. १× पीबीएसची (पेशींना सोसणारं फॉस्फेटयुक्त मिठाचं पाणी) रोधकता २५ अंशांना सुमारे ०.६३ ओहम-मीटर असते. रोधकता गुणिले लांबी भागिले छेदाचं क्षेत्रफळ केलं, की गळ्याचा रोध सुमारे १५६ किलोओहम येतो. पण वीज फक्त गळ्यातून जात नाही. द्रव आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं अशी दोन्ही भोकं एकमेकांपासून १० मिमी दूर ठेवून मधली नळी २०० मायक्रॉन रुंद काढली, तर त्या नळीचाच रोध दीड मेगाओहमच्या वर जातो. गळ्याच्या दसपट! मणी गळ्यात २ टक्क्यांचा बदल करतो, पण तारांच्या टोकांशी तुम्हाला दिसतो तो ०.२ टक्का. नव्वद टक्के संकेत मांडणीतच गेला, आणि तो कुठलाही अँप्लिफायर परत आणत नाही.

म्हणून भोकं जवळ आणा आणि नळी रुंद करा. गळ्याच्या दोन्ही बाजूंना २-२ मिमी लांब, ४०० मायक्रॉन रुंद नळी ठेवली की तिचा एकूण रोध ३१२ किलोओहम होतो. सगळं मिळून ४७० किलोओहमच्या आसपास, आणि मण्यामागे संकेत ०.६५ टक्के. एका ड्रॉइंगच्या फेरफारात साडेतीनपट फायदा.

मग नळी एक मिलिमीटर रुंद का करू नये? कारण छत खाली बसतं. पीडीएमएस मऊ आहे. उंचीच्या वीसपट रुंदी म्हणजे आधीच धोक्याच्या कडेवर. ४०० मायक्रॉनच्या नळीतसुद्धा ४० मायक्रॉन व्यासाचे खांब उभे करा, दोन खांबांच्या मध्यांत १०० मायक्रॉन अंतर ठेवा. आत येणाऱ्या भोकाजवळ खांबांची एक रांग मुद्दाम दाट घ्या, फटी १५ मायक्रॉनच्या. ती गाळणी. २० मायक्रॉनच्या गळ्यात अडकू शकेल असा कचरा तिथेच थांबतो. गळ्याकडे जाणाऱ्या नळीच्या भिंती ४५ अंशांत निमुळत्या करा. काटकोनी कोपऱ्यात बुडबुडे दडून बसतात.

रबर ज्यावर ओतायचं तो साचा एसयू-८ या प्रकाशसंवेदी थरावर फिल्म मास्कमधून प्रकाश टाकून बनतो. मास्क छापायला देताना एक गोष्ट दोनदा तपासा. एसयू-८ हे निगेटिव्ह रेझिस्ट आहे, प्रकाश पडतो तो भाग टिकतो. म्हणजे मास्कवर नळी पारदर्शक आणि बाकी सगळं काळं हवं. उलट छापून आणलेल्या मास्कांचा ढीग प्रत्येक लॅबच्या कपाटात सापडतो.

साचा

यासाठी क्लीनरूम, म्हणजे धूळविरहित खोली, लागते. स्वतःची नसेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची आयआयएससी इथल्या सुविधा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात. एक चांगला साचा डझनावारी चिप देतो, त्यामुळे एकदाची खेप पुरते.

४ इंची सिलिकॉन वेफर २०० अंश सेल्सिअसला १० मिनिटं तापवून कोरडा करा. पावसाळ्यात ही पायरी टाळली तर रेझिस्ट डेव्हलपरमध्ये पापुद्र्यासारखं सुटून येतं. एसयू-८ चा २०१५ हा प्रकार ओता, आधी ५०० आरपीएमला १० सेकंद, मग २००० आरपीएमला ३० सेकंद. जाडी २० मायक्रॉनच्या आसपास येते. ९५ अंशांवर ४ मिनिटं भाजा, सुमारे १५० मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटर प्रकाश द्या, पुन्हा ९५ अंशांवर ४ ते ५ मिनिटं भाजा आणि पीजीएमईए या डेव्हलपरमध्ये ३ ते ४ मिनिटं हलवत डेव्हलप करा. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुताना पांढरा थर दिसला तर डेव्हलपिंग अपुरं आहे, परत डेव्हलपरमध्ये टाका. भिंतींच्या वरच्या कडा टोपीसारख्या बाहेर आलेल्या दिसल्या, तर दिव्यातला ३५० नॅनोमीटरखालचा प्रकाश गाळायचा राहिला आहे. शेवटी १५० अंशांवर १० मिनिटं.

प्रोफायलोमीटरवर प्रत्यक्ष उंची मोजून साच्याच्या मागे लिहून ठेवा. १८ निघाली तरी चालेल, फक्त वरचं गणित त्या आकड्याने पुन्हा करा. मग डेसिकेटरमध्ये (हवा काढता येणाऱ्या बंद भांड्यात) फ्लोरोसिलेनचे १५-२० मायक्रोलिटर थेंब आणि साचा एकत्र ठेवून तासभर निर्वात करा, तेही धूर ओढणाऱ्या कपाटातच. सिलेन नसलेल्या साच्यावर ओतलेलं पीडीएमएस निघताना खांबांची जाळी तोडून आणतं.

ओतणं आणि भोकं

सिलगार्ड १८४ या पीडीएमएसच्या संचातला बेस ३० ग्रॅम आणि क्युरिंग एजंट ३ ग्रॅम, वजनानेच घ्या. ४ मिनिटं जोरात घोटा. मिश्रण दुधासारखं पांढरं झालं की घोटणं पुरेसं झालं. डेसिकेटरमध्ये अर्धा-पाऊण तास हवा काढा. फेस वर चढतो, तो उतू जाण्याआधी मध्येमध्ये हवा आत सोडा. ४ इंची वेफरवर एवढ्यात ४ मिमीचा थर येतो. ओव्हनमध्ये ७० अंशांवर २ तास. हातमोजे लॅटेक्सचे नकोत. लॅटेक्समधलं गंधक प्लॅटिनम उत्प्रेरकाला मारतं आणि जिथे बोट लागलं तिथे रबर चिकट राहतं.

भोकांसाठी १.५ मिमी आणि ४ मिमीचे बायोप्सी पंच वापरा. आत येणारं भोक १.५ मिमी, बाहेरचं ४ मिमी. पंच नळीच्या बाजूने घाला आणि सरळ खाली दाबा, पिळू नका. आतला गाभा पूर्ण बाहेर काढा. बोथट पंच रबर कापत नाही, फाडतो, आणि त्या चिरेतून पुढे गळती होते. पंच खराब वाटला की टाकून द्या, इथे काटकसर महाग पडते.

चिकटवणं आणि भरणं एकाच दमात

पीडीएमएसची नळीची बाजू चिकटपट्टीने दोनदा साफ करा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं अल्ट्रासोनिक, मग ओव्हनमध्ये १५ मिनिटं वाळवा. नळीचा तळ बनणारी काचही तशीच धुवा. दोन्ही पृष्ठभाग वर करून प्लाझ्मा क्लीनरमध्ये ३० वॉटला ३० ते ६० सेकंद. जास्त वेळ दिला तर बंध अधिक पक्का होतो हा गैरसमज आहे. वरचा थर काचेसारखा ठिसूळ होतो आणि उलट कमी चिकटतो. बाहेर काढल्यावर मिनिटाच्या आत एकमेकांवर ठेवा. ठेवा म्हटलंय, दाबू नका. बंध स्वतःच पसरत जातो, काचेखालून पाहिलं तर ओलसर डागासारखा सरकताना दिसतो. बोटाने दाबलं तर नळीचं छत काचेला टेकतं आणि तिथेच कायमचं चिकटतं. ७० अंशांवर १० मिनिटं ठेवा.

आणि लगेच पाणी भरा. चहा पिऊन आल्यावर नाही.

कारण असं: प्लाझ्मानंतर काही तास पीडीएमएस पाणी शोषून घ्यावं तसं आत ओढतं. नंतर त्याचा मूळ स्वभाव परत येतो, पाण्याचा स्पर्शकोन ११० अंशांच्या आसपास जातो. अशा कोरड्या २० मायक्रॉनच्या गळ्यात पाणी ढकलायला सुमारे ५ किलोपास्कल दाब लागतो, म्हणजे अर्ध्या मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. या चिपला आपण फक्त ६ सेंमी उंची देणार आहोत. प्लाझ्मानंतर लगेच एका भोकात ५० मायक्रोलिटर पीबीएस ठेवलं, तर ते आपोआप गळ्यातून पार होतं. भरलेली चिप पाण्यात बुडवून ठेवली तर आठवडाभरही ओलसर राहते.

भरायचं पीबीएस ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं आणि निर्वातात हवा काढलेलं हवं. त्यात ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखा पदार्थ) टाका म्हणजे मणी भिंतींना चिकटत नाहीत. जिवंत पेशींसाठी ट्वीनऐवजी १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन).

पंप नको, निळी टिप हवी

सिरिंज पंप आणि लांब ट्यूब ही सवयीची मांडणी इथे घातक आहे. अर्धा मिमी आतल्या व्यासाची ३० सेंमी ट्यूब सुमारे ५९ मायक्रोलिटर द्रव धरते. मिनिटाला १ मायक्रोलिटर वेगाने मणी चिपपर्यंत पोचायला तास लागेल. १० मायक्रॉनचा पॉलिस्टायरीन मणी पाण्यात सेकंदाला २.७ मायक्रॉन खाली बसतो, म्हणजे त्या ट्यूबचा तळ तो तीन मिनिटांत गाठतो. मोजणी शून्य येते आणि माणूस अँप्लिफायर उघडतो.

त्याऐवजी १००० मायक्रोलिटरची निळी पिपेट टिप दीड मिमीच्या भोकात घट्ट बसवा आणि त्यात नमुना ६ सेंमी उंचीपर्यंत भरा. या चिपमधून मिनिटाला १ मायक्रोलिटर वाहायला सुमारे ५५० पास्कल, म्हणजे साडेपाच सेंमी पाण्याची उंची पुरते, वर खांबांसाठी थोडी जास्त. टिप वरून रुंद असते, त्यामुळे ५० मायक्रोलिटर वाहून गेले तरी पातळी जेमतेम दीड मिलिमीटरने उतरते. पंपाची थरथर नाही, मोटरचा विद्युत गोंगाट नाही. मणी इथेही खाली बसतात आणि टिपच्या उताराने घसरून भोकाशी जमतात, म्हणून दर ५ मिनिटांनी बारीक पिपेटने वरखाली करा. मोजणी आपोआप वाढत चालली असेल तर कारण हेच.

बाहेरच्या ४ मिमीच्या भोकात थोडं पीबीएस राहू द्या, भरत आलं की उपसा.

नमुना किती दाट? २.५ टक्के वजनाच्या १० मायक्रॉन मण्यांच्या बाटलीत मिलिलिटरला साधारण साडेचार कोटी मणी असतात. बाटली हलवून त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये घ्या. मिनिटाला ४५० च्या आसपास खाचा येतील, आणि एकाच वेळी दोन मणी गळ्यात असण्याची शक्यता २ टक्क्यांच्या जवळ राहील. घाई म्हणून दसपट दाट केलंत तर दोनाचा एक मोठा मणी दिसायला लागतो.

तारा आणि इलेक्ट्रॉनिक्स

०.२५ मिमी चांदीची तार घ्या, पॉलिश पेपरने घासा आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये २० मिनिटं बुडवा. जांभळट करडा रंग आला की सिल्व्हर क्लोराइड बसलं. नुसती चांदी किंवा सुईचं स्टील वापरलं तर टोकाशी ध्रुवीकरण होतं आणि पायारेषा, म्हणजे मणी नसतानाची प्रवाहाची पातळी, सतत सरकत राहते. एक तार टिपमध्ये, दुसरी बाहेरच्या भोकात.

तारांवर १ व्होल्ट द्या, तोही पेन्सिल सेलवरून, १० किलोओहमच्या पोटेन्शियोमीटरने कमी करून. चिपमधून २.१ मायक्रोअँपिअर वाहील. टीएल०७२ या दुहेरी ऑप-अँप चिपच्या पहिल्या अर्ध्याला ट्रान्सइंपिडन्स अँप्लिफायर (प्रवाहाचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा) करा: फीडबॅकला १ मेगाओहम आणि त्याला समांतर २२ पिकोफॅरॅड. बँडविड्थ ७ किलोहर्ट्झच्या वर मिळते. आउटपुट उणे २.१ व्होल्ट, आणि एका मण्याची खाच १४ मिलिव्होल्ट. मग १ मायक्रोफॅरॅड आणि १०० किलोओहमने पायारेषा काढून टाका आणि दुसऱ्या अर्ध्यात ५० पट वाढवा. आता खाच ०.७ व्होल्टची झाली. पुरवठा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचा. चार्जर, ॲडॅप्टर काही नको.

गळ्यातून सरासरी वेग सेकंदाला ४ सेंमीच्या आसपास, म्हणजे १०० मायक्रॉन पार करायला २.४ मिलिसेकंद. मधोमध जाणारे मणी याहून वेगात असतात, काही खाचा दीड मिलिसेकंदाच्याही दिसतील. सेकंदाला ५०,००० नमुने घेणारं कुठलंही १६-बिट कार्ड पुरतं. खाचा श्राव्य ध्वनीच्या पट्ट्यात येत असल्याने यूएसबी साउंडकार्डही चालतं. फक्त ते पायारेषा दाखवत नाही, ती मल्टिमीटरवर पहिल्या टप्प्यावर वेगळी बघा.

सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवा, बिस्किटांचा मोठा डबा उत्तम. डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडा. झाकण उघडं आणि बंद ठेवून ५० हर्ट्झची लाट पाहिलीत की पुन्हा कधी विसरणार नाही.

पायारेषा काय सांगते

मोजणी सुरू करण्याआधी फक्त पीबीएसवर पायारेषा वाचा. २.१ च्या जवळ असेल तर पुढे जा. शून्य असेल तर गळ्यात किंवा टिपच्या टोकाशी बुडबुडा आहे. टिप काढून भोक काठोकाठ भरा आणि टिपच्या टोकाला लटकता थेंब ठेवूनच परत बसवा, थेंबाला थेंब मिळायला हवा. अपेक्षेपेक्षा बराच जास्त प्रवाह असेल तर बंधातून द्रव पसरला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नळीच्या कडेला चकाकती झालर दिसते. ती चिप गेली.

पायारेषा अचानक एक पायरी उतरली आणि परतली नाही, तर काहीतरी गळ्यात अडकलं आहे. बाहेरच्या भोकावर रिकामी टिप टेकवून पिपेटने हळूच उलटा दाब दिला तर बहुधा सुटतं. पायारेषा तासाभरात हळूहळू वर चढत असेल तर बाष्पीभवनाने मीठ दाट होतंय किंवा खोली तापतेय. पीबीएसची वाहकता अंशाला साधारण २ टक्क्यांनी बदलते, त्यामुळे एसीचा झोत थेट डब्यावर नको.

खाच मोजायची की नाही हे ठरवणारा उंबरठा गोंगाटाच्या प्रमाण विचलनाच्या पाचपट ठेवा. आकारासाठी १० मायक्रॉनच्या मण्यांच्या खाचांची मध्यक उंची घ्या, तेच तुमचं माप. खाच व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून निम्म्या उंचीची खाच म्हणजे ५ मायक्रॉनचा नाही, ७.९ मायक्रॉनचा कण. घनमूळ इथे मदतीला येतं: उंचीत १० टक्के चूक झाली तरी व्यासात ३ टक्केच होते. याची दुसरी बाजूही आहे. ५ मायक्रॉनच्या मण्याची खाच आठपट लहान, पहिल्या टप्प्यावर जेमतेम पावणेदोन मिलिव्होल्ट. ती दिसते, पण डब्याचं झाकण लावूनच.

तांबड्या पेशींसाठी

तांबड्या पेशीचं आकारमान ९० घन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे या गळ्यात तिची खाच दोन-अडीच मिलिव्होल्टची. नुसती मोजणी होईल, आकाराचं वितरण मात्र अंधुक येईल. ते हवं असेल तर गळा १२ × १२ मायक्रॉन करा, लांबी ४० पुरे, आणि गाळणीच्या फटीही ९-१० मायक्रॉनवर आणा. उंची बदलली म्हणजे साचा नवा, आणि रुंद नळीचं छत आणखी खाली आलं, म्हणून खांबही जवळ घ्या. छत उतरलं की नळीचा रोधही वाढतो, तेव्हा सुरुवातीचं गणित पहिल्यापासून मांडा. दाबही जास्त लागेल, वेळप्रसंगी एका टिपने भागणार नाही.

रक्तात घन मिलिमीटरला ५० लाखांच्या आसपास तांबड्या पेशी असतात. पीबीएसमध्ये १:१०० आणि पुन्हा १:१०० असं दोन टप्प्यांत पातळ करा, एकदम दहा हजारपट करताना पिपेटची चूक हाताबाहेर जाते. साधं पाणी चुकूनही नको, पेशी फुगून फुटतात. रक्त लागलेली टिप, चिप आणि उपसलेला द्रव १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवून मगच टाका. चांदीच्या तारा मात्र धुऊन, पुसून परत ठेवायच्या, करडा थर उडालेला दिसला की पुन्हा ब्लीच.